सेट मोडल्यानंतर

गोरेगाव पूर्वेला आरे दूध वसाहतीची हिरवाई जिथे डोंगराला भिडते, तिथे दादासाहेब फाळके चित्रनगरी आहे. मुंबईतल्या गोठ्यांमधल्या म्हशी शहराबाहेर हलवाव्यात आणि शहराला स्वच्छ दूध मिळावे, म्हणून १९४९ मध्ये दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने आरे वसाहत उभी राहिली. तीन हजार एकरांहून मोठा हा पट्टा. त्यात गोठे होते, कुरणे होती, आणि त्याही आधीपासून वारली, मल्हार कोळी अशा आदिवासींचे पाडे होते. चित्रपटवाल्यांना ही जागा लवकर सापडली. बिमल रॉय यांच्या ‘मधुमती’चे (१९५८) बाह्यचित्रण मुख्यतः कुमाऊँच्या डोंगरांत झाले होते. त्यातली काही दृश्ये पुन्हा घ्यावी लागली तेव्हा आरेतल्या झाडीने डोंगराची भूमिका केली. ‘छोटा काश्मीर’ बागेतल्या तळ्याकाठी किती नायक-नायिका गायल्या असतील, त्याला गणती नाही. पुढे १९७७ मध्ये राज्य सरकारने याच परिसरातल्या सुमारे ५२० एकरांवर चित्रनगरी उभारली. आखणीला व्ही. शांताराम यांचे मार्गदर्शन होते. २००१ मध्ये तिला फाळक्यांचे नाव दिले गेले.

चित्रनगरीची वाटचाल नेहमी स्टुडिओंच्या संख्येवर आणि गाजलेल्या नावांवर मोजली जाते. ‘महाभारत’ इथे उभे राहिले, ‘कौन बनेगा करोडपती’ इथे रंगले, मराठी मालिकांचे कितीतरी वाडे आणि चाळी इथे वसल्या. हे सगळे खरेच आहे. मला मात्र ही वाटचाल वस्तूंच्या बाजूने सांगायची आहे. पडद्यावर दिसलेला पोशाख, मुखवटा, यंत्र, हत्यार पॅकअपनंतर कुठे गेले? त्यातही विज्ञानपटांच्या वस्तूंची काळजी मला जास्त वाटते, आणि त्याला कारण आहे.

ऐतिहासिक चित्रपटातली तलवार हरवली तर हळहळ वाटते, पण खरी तलवार कुठल्यातरी वस्तुसंग्रहालयात असतेच. पेशवाई पगडी, नऊवारी, टांगा, कंदील या सगळ्यांना चित्रपटाबाहेर आयुष्य आहे. विज्ञानपटातल्या वस्तूला ते नसते. परग्रहावरून आलेल्या जीवाचा चेहरा किंवा माणसाला अदृश्य करणारे मनगटी यंत्र जगात एकदाच घडते, त्या चित्रपटापुरते. त्याचा नमुना कुठे नसतो, बाजारात तसे दुसरे मिळत नाही. ती वस्तू हीच तिची मूळ प्रत असते. ती गेली की कुणा कारागिराने भविष्याची कल्पना कशी केली होती, याचा हाताला लागणारा एकमेव पुरावा जातो. पडद्यावरची प्रतिमा उरते, पण शिवण दिसत नाही, आतला तारेचा सांगाडा दिसत नाही, रंगाखालचा पुठ्ठा दिसत नाही.

आपल्याकडे असे चित्रपट थोडे झाले, असा समज आहे. तेवढे थोडेही नाहीत. माणूस चंद्रावर उतरण्याच्या दोन वर्षे आधी, १९६७ मध्ये, दारा सिंग ‘चाँद पर चढ़ाई’मध्ये चंद्रावर जाऊन आले होते. त्याच वर्षी एन. ए. अन्सारी यांचा ‘वहाँ के लोग’ आला. ‘मिस्टर एक्स’, ‘मिस्टर एक्स इन बॉम्बे’ यांनी अदृश्य माणसाची हौस आधीच लावून ठेवली होती. १९८७ मध्ये ‘मिस्टर इंडिया’ आला. दूरदर्शनवर ‘इंद्रधनुष’, ‘स्पेस सिटी सिग्मा’ आणि मिलिंद सोमण यांचा ‘कॅप्टन व्योम’ झाला. ‘शक्तिमान’ने तर एका पिढीच्या रविवार-दुपारी ताब्यात घेतल्या. मग ‘कोई... मिल गया’, ‘क्रिश’, ‘रा.वन’. मराठीत २०१६ मध्ये सुजय डहाके यांनी ‘फुंतरू’ केला. या प्रत्येकासाठी कुणीतरी काहीतरी घडवले, कापले, शिवले, ओतले, रंगवले. त्यातले किती आज एका छपराखाली बघायला मिळते? महाराष्ट्रात विज्ञानपटांच्या मूळ वस्तूंचे स्वतंत्र संग्रहालय नाही.

यामागे कुणाचा दुष्टपणा नाही. धंद्याची रचनाच तशी आहे. चित्रनगरी मुळात जागा भाड्याने देणारी संस्था. निर्माता फ्लोअर घेतो, दिवसाचे भाडे सुरू होते. कलादिग्दर्शकाची माणसे येतात: सुतार, पेंटर, मोल्डिंगवाले, लाइटवाले. प्लाय, बांबू, पीओपी, थर्माकोल, फायबर यांतून चार-आठ दिवसांत अंतराळयान उभे राहते. चित्रण संपले की त्याच माणसांना फ्लोअर रिकामे करून द्यायचे असते, कारण पुढचा निर्माता दारात उभा असतो. चांगले प्लाय पुढच्या सेटला लागते, लाकडाच्या पट्ट्या पुन्हा वापरल्या जातात, उरलेले भंगारात. काल ज्या पॅनेलवर लाल-हिरवे दिवे लुकलुकत होते, त्याची मागची बाजू उद्या एखाद्या मालिकेतल्या स्वयंपाकघराची भिंत होते. सेट मोडताना पाहिलेल्या माणसाला हे सांगावे लागत नाही. उभारायला आठवडा लागतो, मोडायला एक रात्र पुरते.

कपड्यांची गोष्ट थोडी वेगळी आहे आणि जास्त गुंतागुंतीची. मुंबईत ड्रेसवाल्यांची मोठी परंपरा आहे. मगनलाल ड्रेसवाला ही पेढी १९२६ पासून नाटक-सिनेमाला कपडे पुरवते. ‘रामायण’ आणि ‘महाभारत’ या दोन्ही मालिकांतले राजे, राण्या आणि सैनिक त्यांच्याच कपड्यांत वावरले. अशा पेढ्यांकडे कपडे सांभाळले जातात ते पुन्हा भाड्याने देण्यासाठी. एखादा अंगरखा एका चित्रपटात सेनापतीचा असतो. पुढच्यात त्याची कॉलर बदलते, जर नवी लागते, तो मंत्र्याचा होतो. नंतर शाळेच्या गॅदरिंगला जातो. कपडा टिकतो, पण त्याची ओळख पुसली जाते. सेटवरचे कपडे सांभाळणारे ड्रेसदादा याबाबतीत चालते-बोलते दफ्तर असतात. कुठल्या बाहीला कुठे ठिगळ आहे, कुठला कोट कुणाच्या मापाने सैल केला होता, हे त्यांना तोंडपाठ असते. ही माहिती कुणी कागदावर उतरवून घेत नाही, आणि ते निवृत्त होऊन गावी गेले की तीही त्यांच्याबरोबर जाते.

विज्ञानपटाचा पोशाख मात्र भाड्याच्या चक्रातही बसत नाही. ‘मिस्टर इंडिया’तला खलनायक मोगॅम्बो, त्याचा पोशाख घ्या. सोनेरी गोंड्यांचा, लष्करी थाटाचा तो कोट, पिंगट केसांचा टोप, हातात जगाचा गोल. ही भूमिका करणाऱ्या अमरीश पुरी यांना दिग्दर्शक शेखर कपूर यांनी कच्ची रेखाटने दाखवली होती आणि माधव या शिंप्याने त्यातून तो अवतार शिवून काढला. असा कोट पुढे कोण भाड्याने घेणार? दुसऱ्या कुठल्या पात्राच्या अंगावर तो चढवला तरी प्रेक्षक म्हणणार, हा तर मोगॅम्बो! म्हणजे जी वस्तू सर्वांत जास्त ओळखीची, तीच धंद्याच्या दृष्टीने सर्वांत निरुपयोगी. याच चित्रपटात अदृश्य नायक फक्त लाल प्रकाशात दिसतो. त्यामुळे लाल काच हीच कथेची किल्ली ठरते. पीटर परेरा यांनी कॅमेऱ्याच्या करामतीने अदृश्यतेचे जे दृश्य-चमत्कार साधले, त्यात संगणक नव्हता. एकाच फिल्मवर पुन्हा पुन्हा चित्रण, झाकणे, तारा आणि कमालीचा हिशेब होता. अशा चित्रपटाची लाल भिंगे, तारा, मनगटी यंत्र एका टेबलावर मांडून ठेवले असते, तर चित्रपटविद्या शिकणाऱ्या मुलांना त्यावर एक अख्खा अभ्यासक्रम शिकता आला असता.

मग येतो जादू. २००३ मध्ये ‘कोई... मिल गया’ लागला आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या पोरांनी उन्हात उभे राहून ‘धूप, धूप’ म्हणायला सुरुवात केली. निळसर अंगाचा, मोठ्या डोळ्यांचा, उन्हावर जगणारा तो जीव ऑस्ट्रेलियाचे कारागीर जेम्स कॉल्मर यांनी घडवला. आत होते इंद्रवदन पुरोहित, ठेंगण्या अंगकाठीचे अनुभवी नट. त्यांचा चेहरा पूर्ण चित्रपटात एकदाही दिसला नाही. २०१४ मध्ये ते गेले, तेव्हा बातम्यांचे मथळे ‘जादू गेला’ असेच होते. त्या पोशाखाच्या आत एका माणसाने घाम गाळला, श्वास कोंडून घेतला, डोके किंचित कलते करून संकोच दाखवला, मान वर करून आनंद दाखवला. पोशाखाच्या आतल्या बाजूला त्या श्रमांच्या खुणा असतात. म्हणून मला अशा पोशाखाची आतली बाजू बाहेरच्या बाजूइतकीच मोलाची वाटते.

मराठीपुरते बोलायचे तर आपल्याकडे एक उदाहरण असे आहे की त्यावरून सगळ्यांनी धडा घ्यावा. महेश कोठारे यांच्या ‘झपाटलेला’मधला (१९९३) बाहुला तात्या विंचू. चित्रपट भुताटकीचा, विज्ञानाचा नव्हे. पण निर्जीव वस्तू पडद्यावर जिवंत करण्याची कारागिरी तीच. तात्या विंचू शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांनी घडवला. पाध्यांच्या घरात बाहुल्या सांभाळणे हा संस्कार आहे. वडील यशवंत पाध्ये यांचा अर्धवटराव शंभरी ओलांडूनही कार्यक्रम करतो. बाहुलीचा जबडा ढिला झाला तर दुरुस्ती घरात होते, कपडे घरात बदलतात, ती ठेवायची पेटी ठरलेली असते. म्हणून वीस वर्षांनी, २०१३ मध्ये, ‘झपाटलेला २’ त्रिमितीत आला तेव्हा तात्या विंचू कामावर हजर होता. ना सरकारचे अनुदान, ना वातानुकूलित दालन. वस्तू ज्याच्या हातची, त्यालाच तिची किंमत कळली आणि त्याने ती जपली. कोठारे यांच्याच ‘धडाकेबाज’मधल्या (१९९०) कवट्या महाकाळचा मुखवटा आठवा. मराठी माणसाला तो कुठल्याही परदेशी खलनायकाइतका तोंडपाठ आहे. त्याला पाध्यांसारखे घर मिळायला हवे, एवढेच म्हणतो.

कलेच्या घरांना आग लागते, हेही या वाटचालीत नोंदवायला हवे. १६ सप्टेंबर २०१७ रोजी चेंबूरच्या आर. के. स्टुडिओला आग लागली आणि राज कपूर यांच्या चित्रपटांचे जपलेले पोशाख, दागिने, वस्तू जळून गेल्या. तिथे संग्रह होता, आणि तोच गेला. पुढे स्टुडिओची जागाही विकली गेली. चित्रनगरीत २०१३ च्या सप्टेंबरात ‘कॉमेडी नाइट्स विथ कपिल’चा सेट जळाला, २०२५ च्या जूनमध्ये ‘अनुपमा’चा. प्लाय, कापड, फोम, थर्माकोल आणि वर तापलेले दिवे असले की ठिणगी पुरते. गोरेगाव पश्चिमेचा फिल्मिस्तान स्टुडिओ १९४३ पासून उभा होता, तोही २०२५ मध्ये बांधकाम व्यावसायिकाकडे गेला. उपनगरांतले खासगी स्टुडिओ असे एकेक करून संपत असताना सरकारी मालकीची चित्रनगरी तेवढी जागेवर आहे. म्हणून माझी अपेक्षाही तिच्याकडूनच आहे. जमीन विकली जाण्याची टांगती तलवार जिच्यावर नाही, तीच संस्था पन्नास-शंभर वर्षांचा विचार करू शकते.

जगात इतरांनीही हे सहज केलेले नाही. १९०२ मध्ये चंद्रावरची सफर दाखवणारे जॉर्ज मेलिएस यांनी कर्जबाजारी अवस्थेत १९२३ मध्ये स्वतःच्या चित्रपटांच्या निगेटिव्ह जाळून टाकल्या. फ्रिट्झ लांग यांच्या ‘मेट्रोपोलिस’मधला (१९२७) धातूचा भासणारा यंत्रमानव शिल्पकार वाल्टर शुल्त्से-मिटेनडॉर्फ यांनी घडवला होता. मूळ प्रत हरवली. पुढे त्याच शिल्पकाराकडून पॅरिसच्या सिनेमातेकसाठी प्रतिकृती करून घेतली गेली. घडवणारा हात जिवंत होता म्हणून तेवढे तरी साधले. १९७० मध्ये अमेरिकेतल्या एमजीएम स्टुडिओने गोदामे रिकामी करायला काढली आणि चित्रपटांच्या हजारो वस्तू लिलावात फुंकून टाकल्या. त्याच काळात ‘फॉरबिडन प्लॅनेट’मधला (१९५६) रॉबी नावाचा यंत्रमानव स्टुडिओच्या हातून सुटून एका मोटारींच्या संग्रहालयात उभा राहिला. प्रेक्षकांनी त्याला हाताळून खराब केले. विल्यम मॅलोन या तरुण चाहत्याने १९७९ मध्ये तो विकत घेतला, तुटलेले भाग जुळवले आणि जवळजवळ चार दशके सांभाळला. २०१७ मध्ये बोनहॅम्सच्या लिलावात त्याला ५३ लाख ७५ हजार डॉलर मिळाले. पोशाख सोडले तर, तोवर चित्रपटातल्या कुठल्याही वस्तूला लिलावात मिळालेली ती सर्वांत मोठी किंमत होती.

किमतीचे आकडे ऐकून आपल्याकडे डोळे विस्फारतात. मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. ‘स्टार वॉर्स’साठी वापरलेले एक्स-विंग लढाऊ यानाचे एक छोटे मॉडेल कित्येक वर्षे कुणाच्याही नजरेस नव्हते. व्यवसायाने मॉडेलकार असलेले ग्रेग जाइन २०२२ मध्ये वारले. त्यांच्या वस्तू आवरताना पॅकिंगच्या फोमच्या दाण्यांनी भरलेल्या खोक्यात ते सापडले. मग जाणकारांनी काम सुरू केले. चित्रपटाची एकेक चौकट थांबवून मॉडेलवरचा प्रत्येक ओरखडा, रंगाचा ओघळ, चिकटवलेल्या तुकड्याची जागा पडद्यावरच्या प्रतिमेशी ताडून पाहिली. ओरखडे जुळले म्हणजे हेच ते मॉडेल, प्रतिकृती नव्हे. या कामात वस्तू नीटनेटकी, नव्यासारखी असण्याला किंमत नसते, उलट तिच्यावरची प्रत्येक इजा साक्ष देते. आपल्याकडे जुनी वस्तू हाती आली की पहिला विचार येतो रंग मारायचा आणि पॉलिश करायचा. गणपतीच्या मूर्तीला दर वर्षी नवा रंग देणे ही श्रद्धा झाली. चित्रपटाच्या वस्तूवर नवा रंग चढवला की तिची साक्षच पुसली जाते.

आणि हवामान. आरेच्या जंगलात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. भिंती घामेजतात, चामड्याला बुरशी येते, कपाटातल्या कपड्यांना तो ओळखीचा कुबट वास लागतो. साड्या, जरी, लाकूड यांना पावसाळा कसा काढायचा हे आपल्या घरांना माहीत आहे: उन्हे द्यायची, कडुनिंबाचा पाला घालायचा, मलमलीत गुंडाळायचे. विज्ञानपटांच्या वस्तूंचे साहित्य वेगळे असते. फोम लॅटेक्स, पॉलियुरेथेन फोम, पीव्हीसी, फायबरग्लास. लॅटेक्स हवेतल्या प्राणवायूने आणि उजेडाने कडक होते, मग भुगा होऊन गळते. पॉलियुरेथेन दमटपणात आधी चिकट होते आणि मग हात लावला की विरते. अशा वस्तूला ऊन दिले तर ती लवकर मरते. तिला काळोखी, कोरडी, थंड जागा लागते, आतून आधार देणारा साचा लागतो आणि वर्षानुवर्षे तसेच राहावे लागते. ‘ई.टी.’च्या (१९८२) यांत्रिक बाहुल्यांपैकी एक कार्लो रांबाल्दी यांनी केलेली बाहुली २०२२ मध्ये सुमारे २५ लाख ६० हजार डॉलरना विकली गेली. विकला गेला तो कातडी नसलेला धातूचा सांगाडा. साऱ्या जगाला रडवणारा चेहरा फोमचा होता. तो विरून गेला होता. उरल्या होत्या कप्प्या, केबली आणि सांधे. त्या चित्रपटानंतर एकवीस वर्षांनी आलेल्या जादूचा पोशाखही रबर-फोमच्याच जातीचा. अशा साहित्याचे सर्वसाधारण आयुष्य पाहता, जे करायचे ते आत्ताच करायला हवे.

कायद्याचा आधार इथे मिळत नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षांची असावी लागते. हस्तलिखितांना पंचाहत्तर. फाळक्यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मधला एखादा मुकुट आज सापडला तर कायदा त्याच्या मागे उभा राहील. १९८७ चा कोट २०८७ पर्यंत कुणाच्याही मर्जीवर. ज्या साहित्याचे आयुष्य तीस-चाळीस वर्षांचे, त्याला शंभर वर्षांची अट घालून काय साधणार? म्हणून कायद्याची वाट न पाहता संस्थांनी हे काम अंगावर घ्यावे लागते.

आणि संस्था हे करू शकतात, याचा दाखला पुण्यात आहे. प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर आज चित्रपट संस्था आहे, आणि तिथल्या प्रभात संग्रहालयात कंपनीच्या चित्रपटांतले मूळ पोशाख, वस्तू आणि मानचिन्हे ठेवली आहेत. ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबांना न्यायला येणारे विमान आठवा. विज्ञानपटाचे तंत्र म्हणजे तरी दुसरे काय! त्याचे दिग्दर्शक दामले, फत्तेलाल यांची कल्पना आणि कारागिरी हीच मराठी दृश्य-चमत्कारांची पाळेमुळे. त्या कंपनीचे एक संस्थापक शांताराम. चाळीसेक वर्षांनी त्याच शांतारामांनी चित्रनगरीला मार्गदर्शन केले. प्रभातचा वारसा पुण्यात जपला गेला. चित्रनगरीचा वारसा चित्रनगरीतच राहावा, ही मागणी म्हणून वावगी नाही.

मुंबईत आता सोबतीलाही संस्था आहेत. पेडर रोडवर गुलशन महालात आणि शेजारच्या नव्या इमारतीत भारतीय चित्रपटाचे राष्ट्रीय संग्रहालय १९ जानेवारी २०१९ पासून सुरू झाले. फिल्म हेरिटेज फाउंडेशन २०१४ पासून चित्रपटांच्या जतनाचे काम करते आणि इतर अनेकांना शिकवते. परदेशी संग्रहालयांनाही आपल्या पोशाखांचे मोल कळले आहे. आशुतोष गोवारीकर यांच्या ‘जोधा अकबर’मधला (२००८) नीता लुल्ला यांचा लाल लेहंगा लॉस एंजेलिसच्या अकादमी संग्रहालयाने प्रदर्शनात मांडला. तो चित्रपट कर्जतला, नितीन देसाई यांच्या एन. डी. स्टुडिओत घडला होता. देसाई यांनी एक मोठी गोष्ट केली: चित्रपट संपल्यावर सेट मोडला नाही. किल्ला, दरबार, वाडे तसेच ठेवले, लोकांना दाखवले. कोकणातून आलेल्या या कलादिग्दर्शकाला सेट मोडताना काय होते हे आतून माहीत होते, म्हणूनच त्याला ते सुचले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. त्यांच्यानंतर तो स्टुडिओ चित्रनगरी चालवणाऱ्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाकडे आला आहे.

माझ्या मते चित्रनगरीच्या वाटचालीतले हे सर्वांत महत्त्वाचे वळण आहे, आणि त्याची पुरेशी चर्चा झालेली नाही. आजवर महामंडळ जागा देत होते. आता जपलेल्या वास्तू आणि वस्तूंची जबाबदारी प्रथमच त्याच्याकडे आली आहे. गोरेगावला जागा आहे, कर्जतला जपणुकीची सवय आहे. दोन्ही एका हाताखाली.

निर्मात्यांची मनोवृत्तीही बदलते आहे. २०२४ च्या ‘कल्की २८९८ एडी’साठी सहा टन वजनाची ‘बुज्जी’ ही मोटार खरीखुरी चालेल अशी बांधली गेली आणि प्रदर्शनाआधी गावोगाव फिरवली गेली. लोक रांगा लावून तिच्याबरोबर फोटो काढत होते. हैदराबादवाल्यांनी वस्तूलाच नायक केले. संगणकावर सगळे घडवता येत असताना एवढे लोखंड का वाकवायचे, याचे उत्तर त्या रांगांत होते. दुसरीकडे, संगणकावर घडलेल्या वस्तूही जपायला हव्यात. ‘क्रिश’ आणि ‘रा.वन’नंतर पोशाखाचा अर्धा भाग शिंप्याकडे आणि अर्धा फाइलीत असतो. त्या फाइली उघडणारे सॉफ्टवेअर दहा वर्षांत बंद पडते. संग्रह करायचा तर त्यालाही जागा हवी.

करायला काय हवे, तेही सांगतो. चित्रीकरणाची परवानगी देताना निर्मात्याकडून एक अट लिहून घ्यावी: चित्रण संपल्यावर त्या निर्मितीची किमान एक मूळ वस्तू आणि तिची कंटिन्युइटीची छायाचित्रे संग्रहासाठी द्यावीत. मालकी निर्मात्याकडे राहिली तरी चालेल, सांभाळ संस्थेचा. वस्तू पुन्हा लागली तर नोंद करून न्यावी आणि परत आणून द्यावी. संग्रहाची खोली तळमजल्यावर नसावी, कारण आरेत पाणी तुंबते. जंगलाच्या काठावर खिडक्याही विचार करून ठेवाव्या लागतात. २०२३ च्या जुलैत एका मराठी मालिकेच्या सेटवर बछड्यासह बिबट्या शिरला होता, ते सगळ्यांना आठवत असेल. आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवणारी यंत्रे, पावसाळ्यात वीज गेली तर जनरेटर, आग विझवायला पाण्याऐवजी वायू. आणि नोंदवहीसाठी निवृत्त ड्रेसदादा, प्रॉपर्टीवाले, मोल्डिंगवाले यांना मानधन देऊन बसवावे. वस्तू कुणी घडवली, कशाची, कुठल्या दृश्यात कुणाच्या हातात होती, हे त्यांच्या तोंडून उतरवून घ्यावे. नोंदीत कारागिराचे नाव नटाच्या नावाच्या आधी यावे. चित्रनगरीच्या हद्दीतल्या आणि भोवतालच्या पाड्यांतली मुले या फाटकाशी रोज लहानाची मोठी होतात. त्यांना तिथे शिकून काम मिळावे आणि प्रवेश फुकट असावा.

सुरुवातीला हजार वस्तू गोळा करायची गरज नाही. ज्यांचे रबर आज-उद्या विरणार आहे, त्यांच्यापासून आरंभ करावा. ज्या घरांत, गोदामांत, ट्रंकांत या वस्तू असतील त्यांना हाक द्यावी, आणि देणाऱ्याकडे पावती, छायाचित्र आणि पाहायला येण्याचा कायमचा हक्क राहील असे लेखी द्यावे. २०२७ मध्ये चित्रनगरीला पन्नास वर्षे पूर्ण होतील. समारंभ होईल, स्मरणिका निघेल, सत्कार होतील. त्या स्मरणिकेच्या खर्चात पहिल्या खोलीची कपाटे येतात, आणि परवानगीच्या अर्जात ती एक अट घालायला तर काहीच खर्च नाही.